चावी चालू, इंजिन बंद

१

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, दालमिलच्या मागच्या गल्लीत जीवन आडेचं शेड होतं. सकाळी शटर वर गेलं की पहिलं काम ठरलेलं. पांढरी गाडी रोलरवर चढवायची, मागून पट्ट्यांनी जखडायची, बोनेटसमोर मोठा पंखा लावायचा आणि इंजिन तापू द्यायचं. मग त्याचा मित्र उत्तमसिंग गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि जीवन बाहेर लॅपटॉपपाशी उभा राहायचा. गाडी जागच्या जागी धावायची, चाकांखालचे रोलर घुमायचे आणि पडद्यावर एक रेघ चढत जायची. रेघ जिथं थांबली, तेवढे हॉर्सपॉवर.

रेघ एकशे अठ्ठावीसवर थांबायची. काहीही करा, एकशे अठ्ठावीस.

जीवनला दीडशे हवे होते, आणि तेही टर्बो न लावता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या नरड्यात पंख्यानं हवा कोंबणं. तसं करून कुणीही ताकद काढतो, असं त्याचं म्हणणं. आपलं इंजिन स्वतःच्या दमानं श्वास घेईल आणि पळेल. पुण्यातल्या एका रेसिंग गॅरेजातली नोकरी सोडून तो परत आला, तेव्हा हेच तो सगळ्यांना छाती ठोकून सांगत होता. नागपूरचा रजत ढोके, ज्याची स्वतःची रेसिंगची टीम होती, त्याला तर जीवननं शब्दच दिला होता. चार सिलिंडरचं, साधं पेट्रोल इंजिन, दीडशे. दाखवलंस तर माझ्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे, असं रजत म्हणाला होता. हसत म्हणाला होता, आणि ते हसू जीवनच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

त्यासाठी भंगारातून आणलेल्या या इंजिनाचं त्यानं काय काय केलं नव्हतं. हेड घासून दाब वाढवला. हवा यायच्या वाटा हातानं कोरून आरशासारख्या गुळगुळीत केल्या. कॅमशाफ्ट बदलला. सायलेन्सरचे पाइप कापले, जोडले, पुन्हा कापले. हवेसाठी नवी मोठी पेटी बनवली, तिला एकच रुंद तोंड ठेवलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता हलणार. इंजिनाचा आवाज बदलायचा, अंगावर काटा यावा असा भारी व्हायचा, आणि आकडा तोच.

उत्तमसिंग खिडकीतून बाहेर खर्रा थुंकायचा. "किती?"

"तेवढेच."

 पंखा तेवढा घुमत राहायचा.

२

एका दुपारी मधेच लाईन गेली. पंखा थांबला. उत्तमसिंगनं इंजिन बंद केलं आणि तो चहा सांगायला कोपऱ्यावर गेला. गाडीची चावी मात्र चालूच राहिली होती, आणि लॅपटॉप बॅटरीवर होता.

जीवन घाम पुसत पडद्याकडे सहज बघत होता. हवेच्या पेटीच्या तोंडाशी एक सेन्सर असतो. आत किती हवा जाते ते तो सांगतो. इंजिन बंद असेल तर आत हवा जायचं कारण नाही, त्याची रेघ सपाट पडलेली असते.

रेघ सपाट नव्हती. ती हळूच वर जायची, जराशी थांबायची, हळूच खाली यायची. पुन्हा वर. घाई नाही, धक्का नाही. झोपलेल्या माणसाच्या पोटावर ठेवलेला हात हलावा तशी.

जीवनला भीती वाटली नाही. त्याला राग आला. एवढे दिवस आपण या सेन्सरच्या भरवशावर पेट्रोलचं माप ठरवत होतो आणि हाच खोटा निघाला, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. त्यानं तिथल्या तिथं सेन्सर काढून नवा लावला. रेघ तशीच. वायर बदलली. तशीच. पत्र्याच्या फटीतून वारा येत असेल म्हणून भर उन्हाळ्यात शटर खाली ओढलं आणि त्या भट्टीत उभा राहून बघत राहिला. रेघ वर गेली, थांबली, खाली आली.

त्याच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली ती तेव्हा. तो सेन्सर आत जाणारी हवा शून्याच्या वर आणि बाहेर येणारी हवा शून्याच्या खाली दाखवतो. इथं हवा फक्त आत जात होती. बाहेर काहीच येत नव्हतं.

उत्तमसिंग चहा घेऊन आला तेव्हा जीवननं त्याला दाखवलं. त्यानं एकवार पाहिलं आणि सेन्सर गंडला म्हणून सांगितलं. बदललाय, असं जीवन म्हणाला, तर तो म्हणाला, मग लॅपटॉप गंडला. त्याच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. जीवननं लॅपटॉप मिटला. तरी चहा पिताना त्याचं लक्ष बोनेटकडे होतं.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिनाच्या आत डोकावायचं ठरवलं. पातळ नळीच्या टोकाला कॅमेरा असतो. प्लग काढून त्या भोकातून नळी आत सोडली की सिलिंडरच्या भिंती मोबाइलवर दिसतात. पहिले तीन सिलिंडर स्वच्छ होते. त्यानं चौथ्यात नळी सोडली.

आधी पिस्टनचं काळं डोकं दिसलं. मग चित्र धूसर झालं. कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली होती. इंजिन रात्रभर गार पडलेलं, आत ओल असायचं कारण नाही. काच पुसायला म्हणून जीवन नळी वर ओढणार, तेवढ्यात चित्र आपोआप साफ झालं. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, एका फटकाऱ्यात. चष्म्याच्या काचेवरून कुणी अंगठा फिरवावा तसं.

त्यानं नळी बाहेर काढली. ती कोरडी होती. प्लग घट्ट बसवून तो बराच वेळ स्टुलावर बसून राहिला आणि स्वतःला समजावत राहिला. उरलेलं तेल असेल. तेलाचा ओघळ काचेवरून उतरला तर असंच दिसेल.

त्याच दिवशी उत्तमसिंगशी त्याचं वाजलं. कारण काहीच नव्हतं. आकडा पुन्हा तोच आला आणि जीवन त्याच्यावर खेकसला, की तुझा पायच पुरता दाबला जात नाही. उत्तमसिंग गाडीतून उतरला, हात पुसले.

"अबे, पाय दाबून दाबून माह्या गुडघ्याचे वांदे झाले. तू दीडशेच्या मांगं पागल होऊन राह्यला. मले नाही व्हाचं." आणि तो मोटारसायकल काढून दिग्रसकडे, आपल्या तांड्याकडे निघून गेला. जीवननं त्याला थांबवलं नाही.

४

जीवनची बायको बबिता वाघापुरातल्या त्यांच्या घरी शिवणकाम करायची. मशीन चालवताना ती गात असे. तांड्यात तीजेच्या सणाला तिच्यासारखी सूर ओढून गाणारी दुसरी नव्हती, आणि मशीनच्या पायडलवर तिच्या पायाचा ठेका कधी चुकत नसे. म्हणूनच जीवनला सुचलं. ॲक्सिलरेटरवर एकसारखा पाय ठेवणारं माणूस हवं होतं, आणि ते घरातच होतं.

ती नको म्हणाली नाही. डबा घेऊन आली, दोघं जेवले, आणि ती गाडीत बसली. आवाज फार होतो म्हणून तिनं पहिलं काम काय केलं, तर खिडक्यांच्या काचा वर चढवल्या. जीवननं हातानं खूण केली. तिनं पाय दाबला.

रेघ चढली. एकशे अठ्ठावीसला पोचली आणि थांबली नाही.  एकशे एक्केचाळीस.

तो ओरडला नाही, नाचलाही नाही. पुन्हा कर, एवढंच खुणेनं म्हणाला. एकशे एक्केचाळीस. त्यानं एकही बोल्ट हलवला नव्हता.

बबिता उतरली तेव्हा हसत होती. जरा गुंगल्यासारखी, दुपारच्या झोपेतून उठल्यासारखी. जमलं का, असं तिनं विचारलं. जमलं, असं तो म्हणाला, आणि ते खोटं आहे हे त्याला बोलतानाच कळलं. काय जमलं, कसं जमलं, त्याला ठाऊक नव्हतं.

५

मग त्यानं त्या जास्तीच्या हॉर्सपॉवरचा पिच्छाच पुरवला. बबिताला लॅपटॉपपाशी उभं केलं आणि स्वतः गाडीत बसला, काचा बंद करून. एकशे अठ्ठावीस. बबिताला बसवलं आणि काचा उघड्या ठेवल्या. एकशे अठ्ठावीस. काचा बंद, आत बबिता. एकशे एक्केचाळीस.

वायर जायला गाडीच्या आतून बोनेटमध्ये एक भोक होतं. ते त्यानं मेणानं बुजवून टाकलं. आता गाडीत बसलेल्या माणसाचा आणि इंजिनाच्या हवेचा काडीचाही संबंध उरला नव्हता. तरी एकशे एक्केचाळीस. सीटवरच्या वजनाचा हिशेब केला, पेट्रोल बदलून पाहिलं, रोलरचं यंत्र उघडून पाहिलं. जे कारण सापडेल ते लगेच निसटायचं. त्याला रडू यायचं बाकी राहिलं होतं. आकडा वर चढला होता आणि तो त्याचा नव्हता.

बबिता मात्र दोन-तीनदा बसली आणि मग एक दिवस चप्पल घालता घालता थांबली.

"मी आता नाही बसणार त्यात."

आवाजाचा त्रास होतो का, असं त्यानं विचारलं.

"त्रास नाही. बरं वाटते, तेच तर." ती शब्द शोधत होती. "तुमी पाय दाब म्हणता ना, तवा मी श्वास घेत नाही. रोखून नाही धरत. घ्यावाच लागत नाही. मंग उतरलं का ध्यानात येते, आपन एवढा वेळ श्वासच नाही घेतला."

जीवन म्हणाला की काचा बंद असल्या की उकाड्यानं डोकं जड होतं, त्यातून काहीही वाटतं. म्हणताना त्याची नजर तिच्याकडे नव्हती. हवेच्या सेन्सरची बंद इंजिनाची रेघ त्याला दिसत होती. आत जाते, बाहेर येत नाही.

त्याला सगळं कळलं होतं असं नाही. पण थांबावं एवढं कळलं होतं, हे त्यानं पुढं स्वतःशी कबूल केलं.

६

रजतचा फोन आला. पुढच्या आठवड्यात नागपूरहून येतोय, आकडा तयार ठेव. आणि पुन्हा तेच हसू.

जीवननं बबिताला विचारलं. विनवलं असं म्हणू. एकदाच बस, छापील आकडा हातात आला की पुन्हा कधी सांगणार नाही. आपण पुणं सोडून आलो, लोक काय बोलले ते तू ऐकलंस. बबिता बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली. मग उठली आणि म्हणाली, चला.

भर दुपार होती. शटर अर्धं वर, बाहेर उन्हानं पांढरी झालेली गल्ली. तिनं काचा चढवल्या. त्यानं खूण केली. इंजिन असं कधीच ओरडलं नव्हतं. पत्रे थरथरले, खिळ्यांवर टांगलेले पाने वाजले. रेघ एकशे चाळीस, पंचेचाळीस, आणि शांतपणे, काही विशेष नाही अशा थाटात दीडशे ओलांडून एकशे त्रेपन्नवर गेली.

जीवननं बंद करायची खूण केली. इंजिन थांबलं. रोलर घरंगळत थांबले. शेडात कान बधिर करणारी शांतता आली.

बबिता उतरली नाही.

ती समोर बघत बसली होती, हात स्टेअरिंगवर. डोळे उघडे, चेहऱ्यावर कसलाही त्रास नाही. जीवननं काचेतून तिच्या छातीकडे पाहिलं. पदर हलत नव्हता. पातळ सुती पदर, तो श्वासाबरोबर हलायला हवा होता. त्यानं मान वळवून लॅपटॉपकडे पाहिलं. चावी चालू, इंजिन बंद. रेघ हळूच वर गेली, थांबली आणि खाली आली. आणि आज पहिल्यांदाच शून्याच्या खाली उतरली. हवा बाहेर येत होती.

त्यानं दार उघडून तिला ओढून बाहेर काढलं. ती दचकली, त्याच्यावरच चिडली. काहून ओढता, उतरूनच राह्यली होती ना मी, असं म्हणाली. तिचे हात उबदार होते, नाडी लागत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला, रक्तातला ऑक्सिजन उत्तम आहे म्हणाले. छातीवर नळी ठेवली तेव्हा जरा कपाळाला आठी घातली, नळी झटकली, पुन्हा ठेवली. खोल श्वास घ्या, असं म्हणाले. तिनं घेतला. झालं. काही नाही, अशक्तपणा आहे, असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

७

घरी आल्यावर तिनं मशीन सुरू केलं आणि गायला लागली. तीजेचं लांबलचक गाणं. जीवन दारात बसून ऐकत होता. एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, तिसरं. मधे कुठं खंड नाही. गाणारा माणूस ओळ संपली की हवा ओढतो, तो बारीक आवाज ऐकणाऱ्याला सवयीनं कळतही नाही. पण तो नसला की कळतं. गाणं संपेस्तोवर जीवनचीच छाती भरून आली, कारण तिच्यासाठी तो स्वतःचा श्वास धरून बसला होता.

सांगितलं की ती खोल श्वास घ्यायची. विसरली की नाही. तिला तहान लागायची, भूक लागायची, चिडायची, हसायची. तिचं काहीच बिघडलेलं नव्हतं.

जीवन रोज शेडात जाऊन नुसता बसून राहायचा. पाना हातात घ्यायचा आणि खाली ठेवायचा. जगातलं कुठलंही इंजिन तो डोळे मिटून खोलू शकला असता. या इंजिनाचा एक बोल्ट ढिला करायची त्याची छाती होत नव्हती. कारण विचारलं असतं कुणी, तर त्याला सांगता आलं नसतं. त्याची बुद्धी म्हणत होती की हे लोखंड आहे. त्यानं फक्त हवेच्या पेटीचा फिल्टर काढून टाकला, तोंड मोकळं ठेवलं, आणि बोनेट उघडं ठेवलं. शेडाची दुसरी चावी उत्तमसिंगकडे आहे, हे तो विसरून गेला होता.

८

रजत यायच्या आदल्या दिवशी दुपारी तो घरी होता. बबिता त्याच्यासमोर खाटेवर बसून चहा पीत होती. ब्लाउजच्या बाह्यांबद्दल काहीतरी सांगत होती आणि वाक्याच्या मधेच थांबली. तिनं कप खाली ठेवला. गळ्याकडे हात नेला. मग तिचे ओठ हलायला लागले, आणि आवाज निघेना.

जीवननं तिला धरलं. खोल श्वास घे, घे, असं तो म्हणत होता. ती मानेनं नाही म्हणत होती. तिच्या ओठांचा रंग बदलत होता.

फोन वाजला. उत्तमसिंग.

तो शेडात होता. भांडण मनात ठेवायचं नाही म्हणून आला होता, आवाजात तो नेहमीचा मोकळेपणा होता. "अबे, पेटी उघडी टाकून जाते काय कोनी? उंदीर-घुशी जातीन ना आत. मी फडकं कोंबून देल्लं तोंडात."

"काढ," जीवन म्हणाला. "उत्तम, काढ ते."

"काहून?"

"काढ पहिले."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. जीवनच्या हातावर बबिताची नखं रुतली होती. मग उत्तमसिंगचा आवाज आला, लांबून, आणि तो आता मोकळा नव्हता.

"निघत नाही बे." पुन्हा ओढल्याची खरखर आली. "जीवन. आतून धरलं कोनंतरी."

जीवन काय ओरडला ते त्याला नंतर आठवलं नाही. तिकडून काहीतरी फाटल्याचा आवाज आला, स्टूल पडल्याचा आला, आणि त्यापाठोपाठ फोनमधून एक लांब, खोल, घशातून ओढलेला श्वास ऐकू आला. तो उत्तमसिंगचा नव्हता. त्याच क्षणी बबिताची मूठ सैल पडली. ओठांवर रंग परत आला. तिची छाती हलली नाही.

तो शेडावर पोचला तेव्हा उत्तमसिंग बाहेर उन्हात, रस्त्यावर बसला होता. आत जायला तयार नव्हता. पेटीच्या तोंडाखाली फडकं पडलं होतं, अर्धं. सुटे भाग पुसायचं जुनं फडकं, रॉकेलचा भपकारा येत होता. उरलेलं अर्धं कुठंच दिसलं नाही. जीवननं पेटीच्या तोंडाकडे वाकून पाहिलं नाही. तिथूनच त्यानं रजतला फोन लावला आणि इंजिन तयार झालं नाही, होणारही नाही, असं सांगितलं. रजत हसला. या वेळी जीवनला त्या हसण्याचं काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बबिता मशीनवर बसली होती. दुपारचा विषय तिनं काढला नाही. तिनं फक्त विचारलं, शेडात कोण आलं होतं.

"उत्तम."

तिनं दोरा दातानं तोडला आणि तोंड वाकडं केलं.

"भाऊजीले सांगा, कायचंही फडकं कोंबत नका जाऊ म्हना. कवाची गुळण्या करून राह्यली, रॉकेलचा वास जाऊन नाही राह्यला."